शंकरपाळीचा आकार

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या वाचनालयात नेहमीप्रमाणे आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. पावसाने सकाळपासून झड लावली होती, खिडकीच्या गजांवरून पाणी ओघळत होते आणि टेबलावर पोह्यांच्या बशांशेजारी कोड्यांच्या छापील कागदांचा गठ्ठा पडला होता. गेली चार वर्षे आमचा हा परिपाठ आहे. इंटरनेटवरच्या बुद्धिमत्ता चाचण्या आठवडाभरात आपापल्या घरी सोडवायच्या, आलेला आकडा वहीत टिपायचा आणि रविवारी एकत्र बसून कोण कुठे अडले, कोणते उत्तर वादग्रस्त आहे आणि मिळालेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवायचा, याचा काथ्याकूट करायचा. आमच्यात दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते आहेत, बँकेत अधिकारी असलेली एक मैत्रीण आहे, आणि अलीकडे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगाही येऊ लागला आहे. त्या दिवशी त्याने आपली वही माझ्यापुढे सरकवली. दोन महिन्यांत दिलेल्या तीन वेगवेगळ्या चाचण्यांचे तीन आकडे त्यात एकाखाली एक लिहिले होते: ११८, १२६, १३३. त्याने तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, "ताई, यातला माझा खरा कोणता?"

मला चटकन उत्तर देता आले नाही.

उत्तर द्यायला अभियंते पुढे सरसावले, आणि त्यांनी जे सांगितले ते सगळे बरोबरच होते. त्यांनी मुलाला आधी विचारले की प्रत्येक चाचणीचे प्रमाण विचलन, म्हणजे लोकांचे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचे माप, किती धरले आहे ते पाहिलेस का. सरासरी १०० हे सगळीकडे सारखे असले तरी वेक्सलर यांच्या पद्धतीत विचलन १५ चे असते, स्टॅनफर्ड-बिनेच्या जुन्या आवृत्त्यांत ते १६ चे होते आणि कॅटेल यांच्या मोजणीत २४ चे. त्यामुळे एका ठिकाणचे १४८ आणि दुसऱ्या ठिकाणचे १३० म्हणजे एकाच उंचीची दोन नावे असू शकतात, आणि आपला आकडा मोठा म्हणून हरखून जाणाऱ्याच्या हे गावीही नसते. मग त्यांनी विचारले की ही चाचणी आधी कोणावर आजमावली आहे. १६० हा आकडा विचलन १५ धरून तीस हजारांहून अधिक माणसांत एखाद्यालाच मिळायला हवा. तेव्हा तिथपर्यंत मोजण्याचा दावा करणाऱ्याने किती हजार माणसे तपासली असतील, हे पाहायला नको का? शिवाय इंटरनेटवरची चाचणी देणारी माणसे म्हणजे सरसकट समाज नव्हे. ज्याला कोड्यांची आवड आहे तोच तिकडे फिरकतो, आणि त्यांच्यातल्या सरासरीला १०० म्हणायचे की आणखी काही, हे ज्याचा तो ठरवतो. मेन्सा ही अशा चाचण्यांत फार वर येणाऱ्यांची संघटना; तिच्या नॉर्वे शाखेची विनामूल्य चाचणी आमच्यात त्यातल्या त्यात प्रामाणिक मानली जाते. पंचवीस मिनिटे, पस्तीस आकृत्या, आणि ८५ ते १४५ यांच्या पलीकडचा आकडा ती देतच नाही. आपल्या मापाची पट्टी कुठे संपते ते तिने आधीच सांगून टाकलेले असते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मुलाने सगळे मन लावून ऐकले, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही. त्याला विचलन नको होते. त्याने 'खरा' हा शब्द वापरला होता, आणि तो शब्द माझ्याबरोबर घरी आला. रात्री ओटा पुसताना, दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीशी बसले असताना तो पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला, आणि हा प्रश्न मी स्वतः फार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी वतीने विचारायला हवा होता, असे मला वाटू लागले.

माझ्या पिढीच्या मराठी मुलांना बुद्धिमत्तेची पहिली भेट शिष्यवृत्तीच्या परीक्षेत झाली. चौथीला आणि सातवीला ती परीक्षा असे. भाषा, गणित आणि तिसरा पेपर 'बुद्धिमत्ता चाचणी'. फेब्रुवारीत परीक्षा असली तरी दिवाळीच्या आधीपासूनच आमचे जादा तास सुरू होत. सकाळी सात वाजता शाळेच्या व्हरांड्यात, अंगात स्वेटर, तोंडातून वाफ निघते आहे आणि गुरुजी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ई-जे-ओ-टी-वाय लिहीत आहेत, हे चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे येते. पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस. ही पाच अक्षरे पाठ असली की सांकेतिक भाषेतले कोणतेही अक्षर कितवे ते बोटे न मोजता सांगता येते. आरशातील प्रतिमा ओळखायची असेल तर पान उलटून उजेडाकडे धरा, मागून दिसते तीच प्रतिमा. घड्याळाची पाण्यातील प्रतिमा निराळी, तिथे वर-खाली उलटते. गटात न बसणारे पद शोधताना आधी मूळसंख्या पाहा, मग वर्ग, मग घन. गाइडची पाने आमच्या बोटांनी मऊ पडली होती. नोव्हेंबरात मला पन्नासांपैकी एकवीस उत्तरे बरोबर येत होती आणि जानेवारीत बेचाळीस. त्या तीन महिन्यांत माझी बुद्धी दुप्पट झाली, असे त्या वेळी कोणीच म्हटले नाही. तयारी चांगली झाली, एवढेच म्हणाले. पेपरचे नाव मात्र बुद्धिमत्ता चाचणी हेच होते, आणि या दोन गोष्टींत काही विसंगती आहे हे त्या व्हरांड्यात कोणाच्या मनातही आले नाही.

ते १९९६ साल होते. मी सातवीत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहायला गेले होते. सुट्टीतही अभ्यास व्हावा म्हणून आईने गाइड बरोबर दिले होते.

मावशीचा मुलगा नंदू तेव्हा दहा वर्षांचा होता. तो उशिरा बोलू लागला, उशिरा चालू लागला, आणि तिसरीत असूनही त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. शाळेतल्या बाईंनीच मावशीला सुचवले होते की याची तपासणी करून घ्या, दाखला मिळाला तर जवळच्या शहरातल्या विशेष शाळेत प्रवेश मिळेल, तिथे वसतिगृह आहे, हाताला काही काम शिकवतात. 'मतिमंद' हा शब्द तेव्हा कागदोपत्री सर्रास वापरला जाई आणि मावशी तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणत असे. ऑक्टोबरात ती त्याला सरकारी रुग्णालयात घेऊन गेली होती, पण त्या अनोळखी खोलीत नंदू इतका रडला की तपासणी अर्ध्यावर सोडावी लागली आणि पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. मात्र त्या अर्ध्या तपासणीत तिथे काय काय करायला लावतात ते मावशीने पाहून घेतले होते. दहा आकारांच्या खाचा असलेली एक लाकडी फळी होती, आणि तिच्यात दहा ठोकळे घड्याळ लावून बसवायचे होते. पुढच्या वेळी लेकरू बावरू नये म्हणून तिने सुतारआळीतून तशीच फळी करवून आणली. काकांनी साठ रुपये मोजले म्हणून थोडी कुरबूर केली, पण फळी सुबक झाली होती. सागवानाचा वास येणारे ते ठोकळे हातात घेतले की खाली ठेवावेसे वाटत नसे.

मला मास्तरीण करण्यात आले. मी ते काम फार मनापासून केले.

गोल, चौकोन, त्रिकोण, चांदणी आणि अधिकाचे चिन्ह त्याला तीन-चार दिवसांत जमले. अडला तो समभुज चौकोनापाशी. तो ठोकळा तो चौकोनाच्या खाचेत कोंबू पाहायचा, बसला नाही की मुठीने ठोकायचा, आणि मग कानांवर हात घेऊन पुढे-मागे झुलू लागायचा. स्वयंपाकघरात मावशी शंकरपाळ्या कातत होती. कातण्याचे चाक परातीवरून तिरके फिरे आणि पोळीवर ओळीने ते आकार उमटत जात. मी नंदूला उचलून परातीजवळ बसवले, त्याच्या हातात एक कच्ची शंकरपाळी दिली आणि दुसऱ्या हातात तो ठोकळा. त्याने आळीपाळीने दोन्हींकडे पाहिले. शंकरपाळी ठोकळ्यावर ठेवली. मग उठून फळीपाशी गेला आणि पहिल्याच खेपेला ठोकळा योग्य खाचेत बसवला. त्या दिवसापासून त्या आकाराचे घरातले नाव शंकरपाळी पडले. पुढे मी त्याला तो पाटीवर काढायलाही शिकवला. पहिल्या दिवशीची त्याची आकृती भिजलेल्या शेंगदाण्यासारखी आली होती, चारही कोपरे गोल. मी चार ठिपके देई, तो जोडी. मग तीन ठिपके, मग दोन. सुट्टी संपताना तो ठिपक्यांवाचून टोकदार कोपऱ्यांची शंकरपाळी काढू लागला होता. टाळ्यांच्या तालावर तीन आकडे उलटे म्हणण्याचा खेळही आम्ही रोज खेळत होतो. मी म्हणे पाच, आठ, दोन; तो ओरडे दोन, आठ, पाच, आणि मावशी स्वयंपाकघरातून टाळी देई.

दिवाळीनंतर ते पुन्हा रुग्णालयात गेले. या खेपेला नंदू रडला नाही. संध्याकाळी एसटीतून उतरताच तो माझ्याकडे धावत आला आणि म्हणाला, "ताई, शंकरपाळी काढायला लावली!" मावशीच्या हातात कागद होता. "बहात्तर आले गं," ती म्हणाली. तिने तो आकडा शंभरापैकी गुण समजून वाचला होता. शाळेत ज्याला कधी पस्तीसच्या वर काही मिळाले नाही त्याला बहात्तर मिळाले होते. तिने देवापुढे साखर ठेवली आणि मला जवळ घेऊन तोंडावरून हात फिरवला. माझ्या विद्यार्थ्याचा निकाल पहिल्या वर्गाचा लागला, म्हणून मीही त्या रात्री अभिमानाने झोपले.

दाखला मिळाला नाही. सत्तरच्या आत असता तरच मिळतो, असे आठ दिवसांनी काकांना तिथल्या खिडकीवर सांगण्यात आले. नंदू सीमारेषेवर आहे, पण अलीकडच्या बाजूला. विशेष शाळेचा प्रवेश बारगळला. तो गावातल्याच शाळेत मागच्या बाकावर बसत राहिला, पाचवीत दोन वर्षे काढली आणि मग त्याची शाळा सुटली.

हे सगळे मला माहीत होते. तरीही पुढे चाळिशीजवळ आल्यावर मला आकृत्यांच्या कोड्यांचा छंद लागला, मी पाच-सहा चाचण्या दिल्या, १२४ आला की हळहळले आणि १३१ आला की दिवसभर आनंदात राहिले, आणि या दोन गोष्टींची सांगड मी कधी घातली नाही. मेन्साला वरचे दोन टक्के लागतात, म्हणजे विचलन १५ धरले तर साधारण १३०. सरासरीच्या वर दोन विचलने. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी ते गणित पहिल्यांदा उलट्या दिशेने मांडले. सरासरीच्या खाली दोन विचलने म्हणजे ७०. नंदूची रेघ ती हीच. आम्ही दर रविवारी ज्या रेघेवर पोहे खात वाद घालतो, तिचेच प्रतिबिंब. माणसाने उत्तम चाचणी, प्रशिक्षित तज्ज्ञासमोर, शांत चित्ताने दिली तरी आकडा चार-पाच गुणांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, हे आमच्यातला प्रत्येक जण तोंडपाठ सांगतो. वरच्या रेघेवर ते चार-पाच गुण म्हणजे एका सदस्यत्वाचा प्रश्न असतो. खालच्या रेघेवर ते एका मुलाचे वसतिगृह होते.

आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमोन यांच्या साथीने १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती नंदूसारख्या मुलांसाठीच. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना निराळी मदत द्यायला हवी ते शिक्षकाच्या लहरीवर सोडू नये, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतःच ठरलेली आणि वाढू न शकणारी असते, हा विचार त्यांना क्रूर वाटत असे आणि त्याविरुद्ध त्यांनी १९०९ साली स्पष्ट लिहिले. मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या मुलांइतके प्रश्न सोडवते त्या वयाला, खऱ्या वयाने भागण्याची कल्पना त्यांची नव्हे, ती १९१२ साली जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मांडली. बिने त्याआधीच्या वर्षी वारले होते. पुढे लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९१६ साली त्या चाचणीची अमेरिकी आवृत्ती काढली, आणि आपल्याकडे वि. वि. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने बेतली. त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. मुलाला त्याच्या भाषेत विचारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला फार थोर वाटतो. पण त्यांनी ज्या मुलांवरून मोजपट्टी आखली ती १९३० च्या दशकातली मुले होती, आणि नंदूला त्याच पट्टीवर १९९६ साली उभे केले गेले. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांतले आकडे ताडून दाखवले की प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या पट्टीवर उंच भरते, दशकाला सुमारे तीन गुणांनी. जुन्या पट्टीवर मोजले की आकडा फुगतो. आमचे अभियंते हे कित्येकदा सांगतात, आणि आम्ही आपापल्या जुन्या चाचण्यांचे आकडे थोडे कमी करून घेतो.

गौरीच्या सुट्टीला जोडून मी मावशीकडे गेले. तिने पत्र्याच्या ट्रंकेतून तो कागद काढून दिला. इतक्या वर्षांत घड्यांवर विरला होता, पण शाई वाचता येत होती. वय १० वर्षे. मानसिक वय ७ वर्षे २ महिने. बुद्ध्यांक ७२. खाली सही आणि शिक्का. आकड्याच्या पुढे-मागे किती चूक संभवते याची नोंद नव्हती, आणि या मुलाने ही परीक्षा आधी अर्धी दिली आहे, घरी महिनाभर तिचा सराव केला आहे, हेही त्यात नव्हते, कारण ते कोणी विचारले नव्हते आणि आम्ही कोणी सांगितले नव्हते. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. या पद्धतीच्या चाचणीत त्या वयाच्या एका प्रश्नाला दोन महिन्यांचे मानसिक वय मिळते. शहाऐंशी महिने भागिले एकशे वीस, गुणिले शंभर, म्हणजे बहात्तर. यातून दोन प्रश्न वजा केले तर ब्याऐंशी महिने, म्हणजे अडुसष्ट. दोन प्रश्न. समभुज चौकोन पाहून काढणे हा टर्मन यांच्या आवृत्तीत सातव्या वर्षाचा प्रश्न आहे. तीन आकडे उलटे म्हणणे, हाही त्याच वर्षाचा.

मावशीला मी हे सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तू शिकवलंस म्हणून त्याला आलं ना? मग आलंच की." मला तिच्या बोलण्यात आधार सापडला आणि त्याच वेळी काहीतरी तुटलेही, आणि दोन्ही अजून तसेच आहे.

नंदू आता तिथल्या पिठाच्या गिरणीत काम करतो. मालक जुने ओळखीचे आहेत, पगार थोडा देतात आणि पैशांचा व्यवहार त्याच्याकडे सोपवत नाहीत, कारण सुटे परत देताना त्याच्या हातून हमखास चूक होते आणि मग तो दिवसभर बेचैन असतो. त्याला वाचता येत नाही. संध्याकाळी मी गिरणीवर गेले तेव्हा पट्ट्याचा खडखडाट चालू होता आणि त्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. दळणाचे डबे ओळीने मांडले होते आणि प्रत्येक झाकणावर त्याने खडूने खूण केली होती. बारीक दळायचे असेल तर गोल. जाडसर हवे असेल तर शंकरपाळी, चारही कोपरे टोकदार. मी त्या खुणेवर बोट ठेवले तेव्हा तो हसला आणि नाव घेऊन म्हणाला, "ताई, शंकरपाळी."

पुढच्या रविवारी मी ही सगळी हकीकत वाचनालयात सांगितली. अभियंते काही बोलले नाहीत. मुलाने मात्र विचारले, "मग नंदूदादांचा खरा कोणता, बहात्तर की अडुसष्ट?" मी त्याला म्हटले की सुट्टीच्या पहिल्या दिवशी त्याला शंकरपाळी काढता येत नव्हती आणि शेवटच्या दिवशी येत होती, एवढे मी खात्रीने सांगू शकते, कारण ते मी पाहिले आहे, आणि कागदावर एवढे लिहिले असते तरी त्याला त्या शाळेत पाठवता आले असते. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने वही जवळ ओढली आणि आपल्या तीन आकड्यांपुढे तारखा घालू लागला. प्रत्येक तारखेपुढे, तोवर अशा किती चाचण्या सोडवून झाल्या होत्या, ते आठवून आठवून लिहीत होता.